तात्पुरते

तापकीर गल्लीत छाजेडांना विचारलं,
अडीचशे के, लॉग, लांब दांड्याचा पॉट आहे का?
मोबाइलवरून नजर न काढता ते म्हणाले,
"बी आहे."
मला ए हवा होता.
"न्या की. तोही फिरतोच."

फिरतो, हे खरंच.
पण बी दोनावरच सगळं बोलून मोकळा होतो,
पुढचे आठ आकडे नुसते शोभेला.
कान असा सरळ रेषेत ऐकत नाही,
त्याला आधी जरासं, मग अजून जरासं, मग एकदम लागतं,
आमची आत्या मरणाची बातमी सांगायची तसं.

रविवारी जुन्या बाजारात
यास्मीनबींच्या ताडपत्रीवर, टोस्टर आणि बुटांच्या मधे,
एक वाल्व रेडिओ. काच फुटलेली, आत मुंग्या.
त्याचा टोनचा पॉट पाचशे के, लॉग,
फिरवला तर लोण्यासारखा.
"फक्त बटण काढून देणार नाही, अख्खा न्यायचा."
अख्खा नेला. पीएमटीत मांडीवर.
लोक विचारत होते, चालतो का?

दोन टोकांच्या मधे चारशे सत्तर के बांधला
की दोघे मिळून दोनशे बेचाळीस.
अडीचशेला आठ कमी.
एवढी तूट कुठल्या संसारात नसते?

अ‍ॅम्प मस्करेन्हस अंकलचा.
रास्ता पेठेत कुणीतरी परदेशी नकाशावरून बांधलेला,
पत्र्याची पेटी, वर पडद्याचं कापड.
ट्रेबल सहावर खरखरायचा,
कारण पन्नास वर्षं तो सहावरच होता.
चटईवर एकाच जागी बसून खळगा पडावा
तसा कार्बन तिथे झिजलेला.

प्लग काढला, तरी कॅपॅसिटरात चारशे व्होल्ट दबा धरून असतात.
ते आधी सोडवले, डावा हात खिशात ठेवून.
मग झाकण पूर्ण उघडलं,
आणि आतल्या पत्र्यावर शिसपेन्सिलीने:
*तात्पुरते. २५० मिळाला नाही. ग. रा. १४.८.७३*
शेजारी पिवळट तपकिरी मायका, चारशे सत्तर पिकोफॅरडचा.
जवळजवळ दुप्पट.

मला ग. रां.चा रागच आला.
दोनशे वीस आणि तेहतीस जोडले, दोनशे त्रेपन्न,
नकाशाला शोभेल असे.
जोडणी इतकी नेटकी झाली की फोटो काढला.

अंकल आले. पायरीवर थांबून श्वास घेतला,
खुर्ची ओढली, गिटार लावली,
एकच कॉर्ड छेडली आणि तारांवर हात ठेवला.
"काय केलंस तू, बाय?"
"दुरुस्त केला."
"हा स्वच्छ आहे. चांगला आहे.
पण हा कोणाचा आहे?"

ईस्ट स्ट्रीटच्या क्लबात, खडकीच्या लग्नांत,
देहूरोडला रेल्वेवाल्यांच्या नाचात
ज्याला सगळे अंकलचा आवाज म्हणायचे,
तो जाडसर, नाकात जरा अडकलेला,
तो एका दुकानात माल नव्हता म्हणून होता.

तपकिरी मायका कचऱ्याच्या डबीतून काढला,
पाय सरळ केले, परत जोडला.
अंकलनी सहावर आणला,
सवयीने जरा चाचपडले, खरखर शोधत.
नव्हती.
वाजवलं.
काही म्हणाले नाहीत, दुसरी कॉर्ड धरली,
मग तिसरी, मग मला चहा थंड करावा लागला.

ते गेल्यावर पेन्सिल शोधली.
ग. रां.च्या ओळीखाली, जागा फार नव्हती:
*पॉटही तात्पुरता. ए मिळाला नाही.*
आणि तारीख.

तीन आठवड्यांनी छाजेडांचा फोन.
"तुमचा ए आलाय. लांब दांडा.
शेवटचे दोन आहेत."
मी म्हणाले, राहू द्या.
"मग कशाला डोकं खाल्लंत?"
त्यालाही माझ्याकडे
तात्पुरतंच उत्तर होतं.